मांजरांनी चाटलेले टायर

रिया आणि नील, तुमच्या घरात माझं नाव ‘संशयी आजी’ पडलंय हे मला ठाऊक आहे. नाव काही चुकीचं नाही. पण हा संशय मी बाहेरून शिकून आलेले नाही. उत्तनजवळच्या पाली गावातल्या आमच्या घरात तो मीठ-मसाल्यासारखा रोजच्या वापरातला होता. आई भाईंदरच्या बाजारात मासळी विकायला बसायची. पाटी उतरवली की तिचं पहिलं काम म्हणजे माशांच्या डोळ्यांवर पाणी मारायचं. पाणी मारलं की आदल्या दिवशीचा मासासुद्धा नुकताच जाळ्यातून काढल्यासारखा दिसतो. घरी मात्र कुणाकडून मासा आला तर ती त्याच्या डोळ्यांकडे बघायचीही नाही, थेट कल्ले उघडायची. “डोळं काय, मी पन चकचकीत करते,” म्हणायची. तिच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारी पारशीण होती. ती भाव करायची नाही, मासा दाबून बघायची नाही, फक्त विचारायची, “तू घरमां छोकराला हेच दिलं काय?” आई सांगायची, बाकी सगळ्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर तयार असतं, त्या म्हातारीने विचारलं की माझा हात थांबतो.

बा होडीवर तांडेल होता, म्हणजे होडीचा प्रमुख. त्याचा संशय वेगळ्या जातीचा, कमी बोलणारा. नवा-जुना कुठलाही दोर हातात आला की तो दोन्ही मुठींत धरून पीळ उलटा फिरवायचा. पेड सुटे झाले की आतल्या धाग्यांचा रंग बघायचा, वास घ्यायचा, आणि मग दोर होडीत टाकायचा किंवा कुंपणाला बांधायचा. वरून सुरेख दिसणारे कितीतरी दोर आमच्या कुंपणाला होते. अशा दोन माणसांच्या पोटी मी जन्मले, आणि वर मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे प्रत्येक गोष्ट क्रमाने मांडायची सवय लागली. संशयाला शिस्त मिळाली, एवढाच काय तो फरक. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. हे मी शाळेतल्या मराठीत लिहितेय, पण माणसांची बोलणी जमतील तशी त्यांच्या तोंडची ठेवलीत.

आता गाडीबद्दल. आईचा एकुलता एक भाऊ, पेद्रूमामा, मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी, काळी, भलीमोठी गाडी मामाला देऊन टाकली. मामा ती घेऊन उत्तनला आला खरा, पण त्याच्या गल्लीत ती शिरेना. आमचं घर पालीच्या तोंडाशी, समोर जाळी सुकवायचं अंगण. म्हणून गाडी आमच्याकडे आली आणि अंगणाच्या कडेला माडाच्या झावळ्यांच्या मांडवाखाली उभी राहिली. ती उभीच राहिली. मामा दुसरीकडे नोकरीला लागला. गाडी बाहेर निघायची ती फक्त कुणाच्या तरी लग्नाला, नवरीला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, किंवा सासरी न्यायला. आसपासच्या वाड्यांत नवरीला न्यायची गाडी म्हणजे मामाचीच. वर्षात काही थोड्या वेळा ती हलायची. एरवी तिच्या टपावर बोंबील सुकत, बोनेटवर कोंबडी बसे, आणि दुपारचं ऊन झावळ्यांच्या फटींतून रोज त्याच बाजूच्या चाकांवर पडे. समोर खारा वारा होताच.

इथे आमच्या बिल्डिंगखाली अशीच एक गाडी आहे. चंदेरी आवरण घातलेली, मालक दुबईला. परवा आवरणाचं टोक वाऱ्याने उडालं तेव्हा मी वाकून चाक पाहिलं आणि सेक्रेटरीला सांगितलं की मालक आला की टायर बदलायला सांगा. तो हसला. “आंटी, गाडी चली ही कहाँ है? टायर तो बिल्कुल नये हैं!” मी त्याला काही समजावलं नाही. गाडी चालली नाही म्हणून टायरचं वय थांबतं असं त्यालाच नाही, शिकलेल्या पुष्कळांना वाटतं. पालीतही सगळ्यांना तसंच वाटायचं.

माझ्या थोरल्या बहिणीचं, फिलूचं, लग्न ठरलं तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. जोसेफ भाईंदर पूर्वेचा, ऑफिसात नोकरी करणारा, इस्त्रीची पँट घालणारा. जानेवारी होता. आमच्याकडे लग्न म्हणजे आधी आवाज. उखळात तांदूळ कांडायचा आवाज, अंगणात मांडवाचे बांबू ठोकायचा, आणि मागच्या पडवीत बायकांच्या गाण्याचा. ताडी घालून भिजवलेलं फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ मोठ्या पातेल्यात फडक्याखाली फुगत होतं आणि त्याचा आंबूस वास घरभर होता. बाटली मसाला आईने उन्हाळ्यातच कुटून ठेवला होता. त्याची एक बाटली उघडली की शेजारच्या घरात शिंका येत. या सगळ्यात मामा रोज सायकलवरून येई, गाडीच्या मांडवात शिरे आणि तासन्‌तास चाकांपाशी बसे. उठला की टायर असे काळेभोर, तुकतुकीत दिसत, की बघणाऱ्याने म्हणावं, कालच दुकानातून आणले.

मला पहिला संशय आला तो मांजरांमुळे. आमच्या अंगणातली मांजरं मासळी सोडून कशाला भुलत नाहीत. त्या आठवड्यात वाडीतली सगळी मांजरं गाडीखाली जमू लागली. मी वाकून पाहिलं तर ती टायर चाटत होती. बोट लावून वास घेतला. मुशीचं तेल! मुशी मासा तुम्हाला ‘शार्क’ म्हणून माहीत आहे. त्याच्या काळजाचं तेल आम्ही होडीच्या लाकडाला चोपडायचो, लाकूड उन्हाने तडकू नये म्हणून. उग्र वास, आणि अंगाला लागलं की दोन दिवस जात नाही. मामाने तेच काजळीत कालवून टायरांना फासलं होतं. मी एक जुनं फडकं घेतलं आणि मांडवाच्या उन्हाकडच्या बाजूचं चाक पुसलं. काळं निघालं आणि खालून टायरचा खरा चेहरा वर आला. खाडी आटली की चिखल तडकतो ना, तशा बारीक भेगा बाजूच्या भिंतीवर गोल गोल फिरत गेल्या होत्या. काही केसाएवढ्या. काहींत माझ्या केसातली पिन जवळजवळ तांदळाच्या दाण्याइतकी आत गेली. आणि वरचे काटे, म्हणजे रस्त्याला टेकणारी नक्षी? काटे खोल, धारदार, नव्यासारखे.

मामाला विचारलं तेव्हा तो हसलाच. “तेरू, तुजी इंग्लिश शाला तुला हेच शिकवते काय? काटं बघ. काटं हायत तवर टायर हाय. भेगा कातडीवरच्या हायत, आत काय न्हाय.”

“मग तेल कशाला लावलंस?”

“होडीला कशाला लावतो तुजा बा? लाकूड जितं ऱ्हावं म्हनून. रबर पन झाडाचंच असतं ना?”

हे उत्तर इतकं सरळ होतं की मला आणखीच संशय आला. तेलाने रबर जगत नाही, उलट ते त्याला सावकाश खातं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की आई माशाच्या डोळ्यांवर पाणी मारते आणि मामा टायरांना तेल लावतो. दोन्हींमधला फरक मला शोधून सापडत नव्हता. तो भेगा जपत होता की झाकत होता?

फिलूला सांगितलं तर ती आरशासमोरून वळलीसुद्धा नाही. “तुला काय, लग्नात मी गाडीत बसते ते बघवत न्हाय?” मग जरा थांबून म्हणाली, “जोसेफच्या घरची सगली गेटापाशी उभी ऱ्हाणार हायत. गाडीतनं उतरायचं म्हंजे उतरायचं.” तिचं बरोबर होतं. पूर्वेच्या त्या माणसांनी आम्हाला ‘मासळीवाले’ म्हणून आधीच दोनदा ऐकवलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर रस्ता होता. उत्तनहून निघालं की डोंगरीचा चढ, मग उतार, आणि उतार संपतो तिथे मिठागरं. अरुंद रस्ता, दोन्हीकडे पाणी, आणि गाडीत वरपासून खालपर्यंत पांढऱ्या झग्यात गुंडाळलेली माझी बहीण, जिला धड पाय पसरता येणार नाहीत.

लग्नाच्या आदल्या दुपारी मी क्रमाने काम केलं. बाला हाक मारली. मामाला बसवलं. गाडीच्या मागच्या डिकीतून स्टेपनी काढायला लावली. पाचही टायर शेठने एकाच वेळी घेतलेले होते, हे मामानेच कधीतरी फुशारकीने सांगितलं होतं. स्टेपनीतली हवा सोडली. मग बाला म्हटलं, “दोरासारखं कर.” बा आधी समजला नाही. मग त्याने टायरवर एक पाय ठेवला आणि दोन्ही हातांनी त्याची बाजू स्वतःकडे ओढून वाकवली. एक कोरडा आवाज झाला, सुकी झावळी मोडल्यासारखा. भेगा उघडल्या. आत पांढुरके धागे दिसले, दोराच्या आतल्या धाग्यांसारखेच, काही तुटलेले. हा टायर तर डिकीच्या अंधारात राहिलेला, ऊन न लागलेला. बाने वाकून वास घेतला, हात धोतराला पुसले आणि समुद्राच्या बाजूला निघून गेला. ते त्याचं मत होतं.

मामाचं तोंड उतरलं, मग लाल झालं. “स्टेपनी हाय ती. तिला कोन बघत न्हाय, तिला तेल पन लावलं न्हाय. खालची चार बरी हायत.” पुढचं तो आईकडे बघत बोलला. “मी नवरीचा मामा हाय. आमच्यात नवरीला मामा नेतो. माजी गाडी नको तर मी पन नको.” आई चुलीपाशी फुगे तळत होती. ताडीच्या पिठाचे गोळे मुठीतून पिळून तेलात सोडायचे असतात, त्यात हात थांबवता येत नाही. ती मान खाली घालून गोळे सोडत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणलं, त्यातही मामा सगळ्यांच्या पुढे नाचला आणि आई त्याच्याकडे बघून हसली.

तेव्हापासून मला आईचाच संशय येऊ लागला. भाऊ एकुलता, तोही रागीट. तुटला तर पुन्हा जोडायचा नाही. लेक काय, उद्या जायचीच. अशी काहीतरी वजाबाकी तिच्या डोक्यात चालली असेल असं मला वाटलं. पाट्यावरच्या वाटणात, भांड्यांच्या आवाजात, ती कुणाशी काय बोलते यात मी तिचा निर्णय शोधत राहिले. काही सापडलं नाही. आई मासळी विकताना तोंडावर काही दिसू द्यायची नाही, ती तशीच दिसत होती.

लग्न सकाळी देवळात लागलं. जेवणं झाली. डुकराचं मटण, फुगे, तांदळाच्या भाकऱ्या. बँड अंगणात उभा होता. मामाने गाडी मांडवातून बाहेर काढली. बोनेटवर झेंडूच्या आणि कागदी फुलांच्या माळा, टायर पुन्हा एकदा तुकतुकीत. अख्खी पाली गोळा झालेली. फिलू एका हाताने झगा आणि दुसऱ्याने जोसेफचा हात धरून दाराशी आली. मामाने मागचं दार उघडलं. मी पुढे झाले, पण मला बोलावं लागलं नाही. आई लुगड्याला हात पुसत आली आणि दार आणि फिलू यांच्या मध्ये उभी राहिली.

“पेद्रू,” ती शांतपणे म्हणाली, “मोनीला बसव आदी.”

मोनी म्हणजे मामाची एकुलती लेक. पाच-सहा वर्षांची, फ्रॉकला रिबिनी लावलेली.

“कुठं?” मामा म्हणाला.

“गाडीत. तिला घेऊन डोंगरीच्या उतारावरनं एक चक्कर मारून ये. मग माजी लेक बसल.”

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. बँडवाल्याने एक सूर काढला. मोनीला तर काय, हवंच होतं. ती धावत आली, फिलूच्या झग्याखालून वाकून आत घुसली आणि सीटवर उड्या मारू लागली. “पप्पा, चल! पप्पा, भोंगा वाजव!” मामा पुढे बसला. किल्ली फिरवली. गाडी थरथरली. मग त्याने मान वळवून मागे मोनीकडे बघितलं, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून खालच्या चाकाकडे. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण बँडवाल्याचा सूर मध्येच तुटला हे आठवतं. मामाचा हात गिअरवर होता. तो हलला नाही.

मग त्याने इंजिन बंद केलं. उतरला, मागचं दार उघडलं, रडायला लागलेल्या मोनीला कडेवर घेतलं. आईकडे न बघता म्हणाला, “गाडी तापते. ट्रक सांगा.”

गाडी तापायला ती अंगणातून हललीही नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.  आईने लगेच त्याचा दंड धरला. “नवरीला मामाच नेनार. कशातनं ते मामा ठरवल.” आणि मामाने ठरवलं. आईची मासळी बाजारात नेणारा ट्रक वाडीतच उभा होता. मामाने स्वतः तो धुतला, बाच्या होडीचं धुतलेलं शीड आत अंथरलं, गाडीवरच्या माळा काढून ट्रकच्या फाळक्याला बांधल्या. मी ट्रकचे टायर बघायला गेले. ते घासून पार गुळगुळीत झाले होते. पावसात मी कुणाला त्यात बसू दिलं नसतं. पण भेग एकही नव्हती, रस्ता कोरडा होता, आणि ट्रक बैलगाडीच्या चालीने जायचा. फिलू आणि जोसेफ खुर्च्यांवर बसले, मामा तिच्या पायाशी झगा सावरत. मिठागरांवरून जाताना पाण्यात तिचा पांढरा झगा दिसत होता. पूर्वेला गेटापाशी जोसेफची आत्या म्हणालीच, “मासळीबरोबर आली का नवरी?” त्यावर मामा शिडाची घडी घालत म्हणाला, “व्हय, ताजी हाय. कल्ले बघून घ्या.” फिलू अजून ते सांगून हसते. वास मात्र त्या झग्यातून कधीच गेला नाही.

मामाला माहीत होतं का? मी हे पुष्कळदा मनात फिरवून पाहिलंय. तेल लावताना त्याला खरंच वाटत असेल की रबर जगेल. निदान बोलताना तरी त्याच्या डोळ्यांत खोट नव्हती. पण मोनी सीटवर उड्या मारू लागली तेव्हा त्याने चाकाकडे पाहिलं, काट्यांकडे नाही, बाजूकडे पाहिलं, जिथे भेगा होत्या. जिथे काही नाही असं माणूस म्हणतो तिथेच तो का बघतो? आई मरेपर्यंत मी तिला विचारलं नाही आणि मामाला तर नाहीच. ते दोघं शेवटपर्यंत एका ताटात जेवले. चाकं मामाने दुसऱ्याच आठवड्यात काढली आणि बाच्या होडीला बाहेरून बांधली, धक्क्याला लागताना लाकूड आपटू नये म्हणून. तिथे ते टायर फार उपयोगी पडले. दरवर्षी भेगा रुंदावत गेल्या. शेवटी माझं बोट आत जाई.

रिया, हे प्रकरण आज लिहायचं कारण तू पाठवलेला फोटो. तू मैत्रिणीची जुनी गाडी घेतलीस, ती फारशी चाललेली नाही, टायरचे काटे नव्यासारखे आहेत, आणि नाताळात तू त्यातून नीलला त्याच्या हॉस्टेलवरून बर्फातून घरी आणणार आहेस. फोटो समोरून काढलेला आहे. समोरून सगळेच टायर चांगले दिसतात. मी फोनवर तुला खाली बसायला लावलं. बाजूच्या भिंतीवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात, ते वाचायला लावले. पहिले दोन कितव्या आठवड्याचे, पुढचे दोन कुठल्या वर्षाचे. तू वाचलेस आणि स्वतःच वर्षं मोजलीस. मग केसातली पिन काढायला सांगितली. केसाएवढ्या भेगा वरवरच्या असू शकतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि ज्याला तुला काही विकायचं नाही अशा माणसाला दाखवायचं. पिन आत गेली, धागा दिसला किंवा कुठे फुगवटा आला, तर विचारायचं काही उरत नाही. तू म्हणालीस, “आजी, थोडीशीच जातेय. मैत्रीण म्हणाली, इकडे थंडीने असं होतंच. मी एकटी तर रोज चालवतेय.”

मी म्हटलं, “नीलला मागच्या सीटवर बसव. आत्ता, मनातल्या मनात. बसवलंस? आता किल्ली फिरव.”

 वाऱ्याचा आवाज येत होता. मग गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. दार आतून लावलं की बाहेरून, हे आवाजावरून कळत नाही. मी फोन ठेवला नाही. बर्फात पावलं वाजेपर्यंत कान लावून बसले, आणि ती गाडीपासून लांब जात आहेत अशी खात्री झाल्यावरच विचारलं, “नीलकडे जायला बस किती वाजता आहे?”